रडली नाही

दुपारी पावणेदोनला मी पाळणाघराच्या खिडकीतून आत पाहिलं, तर आरोही स्वतःचाच कान धरून पडली होती. एवढंच. कोणी तिला मारत नव्हतं, ती उपाशी नव्हती, ओल्यात पडलेली नव्हती. ओळीने घातलेल्या चौदा चटयांवर चौदा मुलं आणि त्यात खिडकीकडून तिसरी माझी. बाकीची झोपली होती. हिचे डोळे उघडे होते, समोरच्या भिंतीवर लागलेले, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी ती आपल्या कानाची पाळी हळूहळू चोळत होती. तो कान माझा असायचा. अंगावर प्यायची तेव्हापासून तिला झोपताना माझा डावा कान लागायचा. दुसरा चालायचा नाही, बापाचा तर नाहीच. कानातली रिंग काढून ठेवायची, तिच्याकडे पाठ करायची नाही, खाज आली तरी हलायचं नाही, असे सगळे कायदे होते. कित्येक रात्री मी मनात म्हटलं होतं की कधी सुटतो हा कान. आता खिडकीच्या गजाला धरून मी उभी होते आणि आठवायला लागले, की तो सुटला कधी? शेवटचा कधी धरला तिने? मला आठवेना. महिना झाला असेल, दोनही असतील. आणि तो सुटल्याचं मला वाईट वाटलं नव्हतं, उलट बरं वाटलं होतं, गाढ झोप लागायला लागली होती.

खरं तर मी तिथे असायलाच नको होतं. मी सिटी सर्व्हेच्या कचेरीत नकाशे काढते. दोन हजार तीनचा मे महिना, सिंहस्थ तोंडावर आलेला, तपोवनाकडच्या जमिनींच्या मोजण्या रोज येऊन पडत होत्या आणि जानेवारीपासून सगळ्यांच्या रजा बंद होत्या. त्या दिवशी आमच्यातले एक निवृत्त सर्व्हेअर वारल्याचं कळलं, दोन मिनिटं उभे राहिलो आणि साहेबांनी जेवणानंतर कचेरी सोडून दिली. अशी दुपार वर्षात एखादी मिळते. माझा पहिला विचार आरोहीचा नव्हता, हे मी लपवत नाही. घरी जावं, पंखा लावावा आणि कोणी ‘आई’ म्हणून हाक न मारता दोन तास पडावं, हा पहिला विचार होता. स्कूटी मी घराच्या रस्त्याला घातलीही होती. मग सिग्नलला लाज वाटली आणि कॉलेज रोडकडे वळले. म्हणजे लाज वाटली नसती तर मला हे दिसलंही नसतं, आणि सहा वाजता रोजच्यासारखी डायरी वाचून मी खूश झाले असते. डायरीत रोज बाईंच्या वळणदार अक्षरात तीन गोष्टी असायच्या. जेवली. झोपली. रडली नाही.

पाळणाघर मी निवडलं होतं आणि साधंसुधं निवडलं नव्हतं. आरोही अडीच वर्षांची होईपर्यंत सासूबाई येवल्याहून येऊन राहिल्या होत्या. फेब्रुवारीत सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्या गेल्या. माहेर मखमलाबादला, हाकेच्या अंतरावर, पण तिथे आई दिवसभर फुलांच्या मागे, विहिरीला कठडा नाही, आणि दिवसाआड कुणाच्या तरी द्राक्षांवर औषध मारणं चाललेलं. तिथे मुलगी ठेवायची माझी छाती झाली नाही. मग आठ दिवसांत मी सात पाळणाघरं पाहिली. फुलस्केप कागदावर रकाने आखले. खोलीची लांबी-रुंदी, मुलं किती, सांभाळणाऱ्या किती, संडास किती पावलांवर, पिण्याचं पाणी झाकलेलं की उघडं, रस्त्याकडच्या दाराला कडी कुठल्या उंचीवर. दीपक, म्हणजे माझा नवरा, अंबडला कंपनीत पाळ्या करतो. तो म्हणाला की तू लेक ठेवायला निघालीस की प्लॉट घ्यायला. पण मोजलं की मला धीर येतो. जे मोजता येतं त्यात कोणी फसवत नाही असं मला वाटायचं. कॉलेज रोडच्या पाळणाघराला माझ्या कागदावर शंभरात ब्याण्णव मिळाले. तिथल्या बाई निवृत्त शिक्षिका, इस्त्रीची सुती साडी, आवाज कधी वर न जाणारा. फरशी कोरडी. मुलांच्या नावाचे रुमाल खिळ्यांना टांगलेले. आणि शांतता. चौदा मुलं एका घरात आणि आपल्याला घड्याळ ऐकू येतं, याचं मला किती कौतुक वाटलं होतं. घरी येऊन दीपकला मी तेच आधी सांगितलं.

सर्वांत कमी गुण पंचवटीतल्या अक्काबाईला होते. हिरावाडीत दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. मी गेले तेव्हा मुलं मेथी निवडत बसली होती, निम्मी मेथी जमिनीवर, एकाच्या हातात दुसऱ्याची भाकरी, आणि एक शेंबडा मुलगा अक्काबाईच्या कमरेवर. त्याची आई तेव्हाच कामाला निघाली होती. अक्काबाई त्याला घेऊन दारात उभी राहिली होती, आई वळून वळून हात करत होती आणि पोरगा असा टाहो फोडत होता की गल्लीतल्या बायका बघत होत्या. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, अहो अक्का, त्याला आत तरी न्या, दुसरं काही दाखवा. अक्काबाई माझ्याकडे पाहत म्हणाली, “रडू द्या की. आई गेली ते त्याला कळाया नको व्हय?” मी खोलीला टेप लावून माप घेतलं, आभार मानले आणि बाहेर येऊन सांभाळण्याच्या रकान्यात शून्य टाकलं. माणसं किती निबर असतात, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं.

आमच्यात असं करत नाहीत. आमच्यात पोराचं तोंड फिरवतात. फुलवाल्यांच्या घरात बाईला निघावंच लागतं. झेंडू असो की शेवंती, खुडलेलं फूल थांबत नाही, आणि रडणारं पोर पदराला लोंबकळलं की बाजार चुकतो. म्हणून आई पाटी डोक्यावर घ्यायच्या बेतात असली की थोरली काकू मला उचलायची आणि माझं तोंड दुसरीकडे करायची. बघ गं कोंबडी, बघ गं किती पिल्लं. मी पिल्लं मोजायला लागले की आई बांधावरून निघून जायची. कोणी कोणाला सांगायचं नाही, रडारड नाही, सगळं कसं मायेनं आणि गुपचूप. मी लहानपणाची ही गोष्ट चांगलीच म्हणून सांगत आले, माझ्या मैत्रिणींनाही सांगितली होती, की बघा आमच्या अडाणी बायकांना मुलांचं मन किती कळायचं. त्यामुळे पहिल्या दिवशी पाळणाघरातल्या बाई जेव्हा म्हणाल्या, की निघताना तिला सांगू नका, आमच्या ताई तिला फिशटँक दाखवतील आणि तेवढ्यात तुम्ही बाजूच्या दाराने जा, तेव्हा मला परकं वाटलंच नाही. मला वाटलं, कॉलेज रोडवर माझी काकू भेटली. सातही ठिकाणी फिरून मी माझ्याच घरी आले असं मला वाटलं, आणि ब्याण्णवातले किती गुण खरे फरशीचे होते आणि किती त्या फिशटँकचे, हे मला अजून सांगता येत नाही.

पहिले दोन आठवडे ती रडली. म्हणजे मी गेल्यावर रडली असणार, मला ते दिसत नव्हतं, डायरीत असायचं. थोडी रडली. नंतर शांत झाली. मी बाजूच्या दाराने निघायचे तेव्हा ती टँकच्या काचेला नाक लावून उभी असायची, दोन वेण्या, मानेवरचा घाम, आणि मी चपला हातात घेऊन चोरासारखी पायऱ्या उतरायचे. मग घरी वेगळंच सुरू झालं. मी संडासात गेले तरी दाराबाहेर बसायची. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तरी मागे. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठले तर झोपेतून दचकून माझा गाऊन धरायची. दीपकला मी म्हटलं, फार चिकट झालीय. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, होतं असं, जाईल. आणि खरंच गेलं. मार्च संपता संपता सगळं गेलं. गाऊन सोडला, दाराबाहेर बसणं सोडलं आणि, आता कळतंय, कानही सोडला. तेव्हापासून डायरीत ‘रडली नाही’ यायला लागलं आणि मी एक दिवस पेढे घेऊन गेले बाईंसाठी. पेढे. आज त्या पेढ्यांची आठवण आली की माझं तोंड कडू होतं.

खिडकीशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. बाई बाहेर आल्या, किंचित नाराज झाल्या. म्हणाल्या की या वेळेला पालकांनी येऊ नये, एक उठलं की सगळी उठतात. मी म्हटलं, आज नेते. त्यांनी आत जाऊन हाक मारली. आरोहीने आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाईंकडे. बाईंनी मान हलवल्यावर ती उठली. चटई गुंडाळली, गठ्ठ्यावर नेऊन ठेवली, डाव्या पायात डावी चप्पल आणि उजव्यात उजवी घातली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. अडीच महिन्यांपूर्वी ही मुलगी चप्पल उलटी घालून जिन्यावरून माझ्या अंगावर उडी टाकायची. आणि तरी, काय सांगू, त्या क्षणीसुद्धा मला एक झटका अभिमानाचा येऊन गेला, की किती वळण लागलंय. मग माझीच मला किळस आली. स्कूटीवर ती पुढे उभी होती, हँडल धरून. गंगापूर रोडला उन्हाच्या झळा येत होत्या. मी तिच्या डोक्यावर वाकून विचारलं, “आरू, तिथे आईची आठवण येते का गं?” तिने विचार केला. शाळेत प्रश्न विचारल्यावर करतात तसा. “नाही,” म्हणाली. मी म्हटलं, थोडीशी? तर म्हणाली, “शहाणी मुलं नाही रडत.” मी काही तिला रडण्याचं विचारलं नव्हतं.

दीपकची तेव्हा दुपारची पाळी. रविवारी तो निवांत भेटला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, कानाचंही सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्याने ऐकून घेतलं, आरोहीला मांडीवर घेतलं, ती बसली. तो म्हणाला, मार्चमध्ये ती रडते म्हणून तू जेवत नव्हतीस, आता रडत नाही म्हणून जेवत नाहीस, मी नक्की कशाची काळजी करू? कानाची पाळी ही काय तक्रार आहे? कुठल्या रकान्यात घालायची? बाईंना जाऊन सांगायचं काय, की माझी मुलगी तुमच्याकडे फार शहाणी झाली? मांडीवर बसलेली आरोही एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती, दोघांचं जमतंय ना हे तपासावं तशी. मी उठले आणि तिला घेऊन मखमलाबादला गेले.

माझी आई नवसाबाई वाफ्यात होती. उन्हं कलली होती, तिची उद्याच्या हाराची फुलं खुडायची घाई. मी बांधावर बसले, आरोही माझ्याजवळ. पूर्वी ती इथे आली की चप्पल भिरकावून झेंडूत शिरायची आणि आजी ओरडायची. आता हात मांडीवर ठेवून बसली होती. आई म्हणाली, “पोर गुणाची झाली गं. तुझ्यावानी.” मी विचारलं, “आई, तू बाजारला जायचीस तेव्हा मी रडायचे का?” “नाय. कधीच नाय,” आई म्हणाली, हात चालूच. “काकू तुझं तोंड फिरवायची. तुला पत्ताच नाय लागायचा मी गेल्याचा.” तिने ते असं समाधानानं सांगितलं, चाळीस वर्षं पाटी वाहून मान आखडलेल्या त्या बाईनं, की पुढचं वाक्य मी गिळलं. आई, मला पत्ता लागायचा. दर वेळेला लागायचा. पाटीतली फुलं ओली असायची आणि तू शेजारून गेलीस की वास यायचा, मग तो वास लांब जायचा, आणि मी पिल्लं मोजत राहायचे, सहा झाली की पुन्हा एकपासून. मी ही गोष्ट तोवर कोणालाच सांगितली नव्हती, स्वतःलाही नाही. मैत्रिणींना सांगितलेली गोष्ट काकूची होती, आईची होती. त्यात मी नव्हतेच. आता बांधावर बसल्या बसल्या छत्तीस वर्षांच्या बाईने तोंड ओंजळीत घेतलं आणि आईला वाटलं मला ऊन लागलं. तिने माठातलं पाणी दिलं. त्या बिचारीचा काय दोष होता? तिला निघावंच लागायचं. मलाही निघावंच लागतं. निघण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण आरोहीला माझ्यासाठी रडता आलं पाहिजे, एवढं मला हवं होतं. ती रडली असती तर माझ्यावर तिचा हक्क आहे असं मला कळलं असतं.

रात्री मी तिला जवळ घेतलं, रिंग काढली आणि माझा डावा कान तिच्या हाताशी नेला. तिने पाळीवर बोट ठेवलं, एकदा चोळलं, माझ्याकडे पाहून हसली आणि हात काढून घेतला. पाहुण्यांनी पुढे केलेल्या बशीतलं एकच बिस्कीट उचलावं, तसं. सकाळी उठून मी फुलस्केप कागद शोधला आणि फाडला, त्या फाडण्याचा कोणालाही काही उपयोग नव्हता. पाळणाघरात फोन केला की आजपासून येणार नाही. बाई गोड आवाजात म्हणाल्या की इतकी छान रुळली होती.

नऊ वाजता आम्ही हिरावाडीत होतो. अक्काबाई पडवीत मुलांना पेज भरवत होती. मला पाहून तिने डोळे बारीक केले. “टेपवाल्या बाई ना तुम्ही? मापात बसली का खोली?” म्हणाली. मी हसायला गेले आणि रडायलाच लागले, तिथेच, त्या शेंबड्या मुलासमोर, सगळ्या गल्लीदेखत. अक्काबाईने मला पाटावर बसवलं, पेजेची वाटी आणि चमचा माझ्या हातात दिला आणि म्हणाली याला भरवा तोवर. मी भरवत भरवत सगळं सांगितलं. फिशटँक, बाजूचं दार, डायरी. तिने मला धीर दिला नाही की बोल लावला नाही. आरोहीकडे पाहत राहिली. आरोही कोपऱ्यात उभी होती, चपला काढून जोडीने लावलेल्या. मग अक्काबाई म्हणाली, “ठेवते मी. पण जाताना तिच्या तोंडावर सांगून जायचं. खाली बसून, डोळ्यात बघून. मग ती रडंल, लोळंल, तुमची साडी फाडंल. फाडू द्यायची. चार दिवस लय जड जातील, मग हाय मी.” मी हो म्हटलं. ते चार दिवस मला हवेच होते. आज कचेरीत उशीर होणार, साहेब बोलणार, बोलू देत. साडी जुनी नेसून आले असते तर बरं झालं असतं, असाही विचार आला, इतकी माझी तयारी झाली होती. बाजूची दोन मुलं भांडत होती, तिसरं कोणी पाट वाजवत होतं, घड्याळ असलं तरी ऐकू आलं नसतं. मला वाटलं, इथे ती रडेल. इथे कोणाला चोरी नाही.

मी तिच्यासमोर खाली बसले. दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाहून म्हटलं, “आरू, आई आता कचेरीत चाललीय. तू अक्काआजीकडे राहायचंस. आई संध्याकाळी येणार. तुला रडू आलं तर रड, राजा. आई रागावणार नाही.”

तिने माझं बोलणं नीट ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावरून ती इकडेतिकडे बघायला लागली. आधी मला कळेना ती काय शोधतेय. तिची नजर चुलीवरून गेली, मुलांवरून गेली, मेथीच्या जुडीवरून गेली, कशावरच थांबली नाही. इथे मासे नव्हते. शेवटी तिने माझ्या हातांतून आपले हात सोडवून घेतले, अलगद, मला लागू नये अशा बेताने, आणि मागच्या कोऱ्या भिंतीकडे बोट केलं.

“आई, मी तिकडे बघते,” ती म्हणाली. “तू जा.”

आणि वळून भिंतीला नाक लावून उभी राहिली. दोन वेण्या, मानेवरचा घाम. मी म्हटलं, आरू, मी इथेच आहे गं, बघ माझ्याकडे. अक्काबाई म्हणाली, “पोरी, फीर की इकडं.” आरोही वळली नाही. मी अजून गेले नव्हते, म्हणून ती वळत नव्हती.